नेलगन घ्यायची आहे : एफ-३० की एफ-५०? मदत हवी

नमस्कार मंडळी,
चिपळूणला आमचं छोटं वर्कशॉप आहे. कपाटं, किचनची खोकी, टीव्ही युनिट, कडेला सागवानी पट्ट्या असं काम. आजवर हातोडी-खिळ्यावर भागलं, पण पट्टीवर हातोडी घसरली की दबलेला डाग पॉलिशखालीही दिसतो.

दुकानदार एफ-३० (हवेच्या दाबावर ३० मिमीपर्यंतचे खिळे मारणारी गन; एफ-५० म्हणजे ५० मिमीपर्यंत) गळ्यात मारतोय. १९ मिमी प्लाय काटकोनात जोडताना ३० मिमीचा खिळा पलीकडे जेमतेम ११ मिमी शिरणार. तेवढी पकड पुरते का? एफ-५० घेतली तर तीच पातळ पट्टीलाही चालेल? साइट कधी चौथ्या मजल्यावर असते, कंप्रेसर चढवणं जिवावर येतं, म्हणून बॅटरीवाली कुणी रोज वापरतं का तेही सांगा. आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात गन आतून गंजते का?

प्रतिसाद १ :
एफ-५० घ्या. दोन्हींत १८ गेजचेच (गेज म्हणजे जाडीचा आकडा, आकडा मोठा तितका खिळा बारीक) खिळे बसतात आणि एफ-५० मध्ये ३० मिमीचेही चालतात. मात्र ५० मिमीच्या खिळ्यावरही खोकं सोडू नका. खिळा फेविकॉल सुकेपर्यंत धरून ठेवतो, वजन पेलायला स्क्रूच हवा.

पट्टीला मात्र २३ गेजची पिन गन वेगळी घ्या. बिनडोक्याची पिन असते, भोक पुट्टीत गडप होतं आणि पट्टी टोकाला फाटत नाही. पकड कमी, पण पट्टीला फेविकॉल असतोच.

लांब खिळा लाकडाच्या रेषेला लागला की वळून प्लायच्या बाजूने बाहेर येतो. खिळ्याच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर बोट ठेवा, ही गोष्ट हेल्परला पहिल्या दिवशीच सांगा. खिळा अडकला तर आधी हवेची नळी काढायची, मग तोंड उघडायचं.

घेताना ब्रँडपेक्षा ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) आणि खिळ्यावर ठोका मारणारी आतली ड्रायव्हर पट्टी चिपळुणात नाहीतर कोल्हापुरात सुटी मिळते का ते विचारा. झिजतात त्या ह्याच दोन गोष्टी.

प्रतिसाद २ :
गंज हवेतल्या पाण्याने येतो. संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढा, नळीवर फिल्टर-रेग्युलेटर लावा, सकाळी हवेच्या तोंडात न्यूमॅटिक तेलाचे दोन थेंब. ग्रीस नको, इंजिन ऑइल तर नकोच.

बॅटरीवाली मी दारांच्या पट्ट्यांपुरती वापरतो. नळीची कटकट नाही, पण हवेवरच्या गनपेक्षा बरीच जड. दिवसभर छताला पट्ट्या मारल्या की खांदा बोलतो. पैसेही कितीतरी जास्त.

धागाकर्ता :
आभार दोघांचेही. एफ-५० आणि पिन गन नक्की. २४ लिटरचा ऑइल-फ्री कंप्रेसर दोन्हींना पुरेल ना? पुढे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा स्प्रेही त्यावरच करायचा विचार आहे.

प्रतिसाद १ :
गनला आरामात पुरेल, ७० ते १०० पीएसआय दाबात काम होतं. स्प्रेला नाही पुरणार, त्याला सलग हवा लागते. वर्कशॉपला मोठा बेल्टवाला ठेवा, साइटवर २४ लिटरचा न्या. आधी टाकाऊ तुकड्यावर दाब लावून बघा, १ मिमी लॅमिनेटवर जास्त दाबाने कपची उडते.