गिरणी कामगारांच्या मुलाखतींचे चित्रीकरण : माइक आणि कॅमेरा यांबाबत सल्ला हवा आहे

चाळकरी :
लालबाग-परळ भागातील निवृत्त गिरणी कामगारांच्या दीर्घ मुलाखती चित्रित करून ठेवण्याचा आम्हा काही मित्रांचा विचार आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा जे ऐन तिशीत होते, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही. मुलाखती त्यांच्या घरीच, म्हणजे बहुतेक चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत होतील. हाताशी एक बऱ्यापैकी मोबाइल आणि एक जुना डीएसएलआर आहे. पंधरा हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल. तो लेन्सवर करावा की माइकवर? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ध्वनिवेडा :
लेन्सचा विचार तूर्त सोडून द्यावा. या मुलाखतींचे पुढे कोणीतरी शब्दांकन करणार आहे, आणि खात्यांची, जॉबरांची (कामगारांवरच्या मुकादमांची), गावांची नावे त्याला नीट ऐकू आली नाहीत तर सुंदर चित्राचा त्याला काडीचा उपयोग नाही.

सगळे गणित माइक तोंडापासून किती दूर आहे यावर अवलंबून असते. अंतर निम्मे केले की बोलणाऱ्याचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून कॅमेऱ्यावर बसवलेला महागडा माइकसुद्धा हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावलेल्या साध्या कॉलर माइकपुढे फिका पडतो. बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा वायरचा कॉलर माइक या कामाला पुरेसा आहे. त्याची वायर ६ मीटर लांब असते. त्यावर मोबाइल आणि कॅमेरा यांसाठी एक खटका असतो, तो दर वेळी तपासून घ्यावा. मोबाइलला गोल पिनेची जागा नसल्यास यूएसबी-सी अ‍ॅडॉप्टर लागेल.

माइक लावणे ही मात्र हाताची कला आहे. कडक इस्त्रीच्या किंवा खादीच्या सदऱ्यावर तो घासून खरखर येते, तेव्हा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी चिकटपट्टीने वायरचा छोटा वेढा कापडाच्या आतून चिकटवावा. बाईंची मुलाखत असेल तर माइक पदराच्या पिनेजवळ, खांद्याकडे घ्यावा. छातीवर मधोमध लावला की मंगळसूत्राचे मणी प्रत्येक हालचालीला त्यावर आपटतात. हा माइक सर्व दिशांनी ऐकणारा असल्यामुळे थोडा बाजूला गेला तरी बिघडत नाही.

खोलीत गोधड्या असतीलच. एक फरशीवर अंथरावी, एक कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर टांगावी. घुमारा लगेच कमी होतो. फ्रिज बंद करावा आणि तो पुन्हा सुरू करायचे लक्षात राहावे म्हणून आपली किल्ली त्यातच ठेवावी. आवाजाची पातळी हाताने ठरवता येत असेल तर मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्यावा.

खिडकीपाशी :
वरील सल्ल्याशी सहमत आहे. चित्राबद्दल थोडी भर घालतो. कामगारांना खिडकीकडे पाठ करून बसवू नये, प्रकाश चेहऱ्यावर तिरका पडू द्यावा. ट्यूबलाइट शक्यतो बंद ठेवावी. ती लावावीच लागली तर सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि शटर १/५० सेकंद ठेवावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे चित्र लुकलुकत नाही. कॅमेरा तिपाईवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला असावा, आणि प्रश्न विचारणाऱ्याने कॅमेऱ्याला अगदी खेटून बसावे. फोकस आणि प्रकाश लॉक करावा, फोन विमान मोडवर टाकावा. बरेच जुने डीएसएलआर २९ मिनिटे ५९ सेकंदांनी, काही तर त्याआधीच, आपोआप थांबतात. रंगात आलेली आठवण तिथे तुटते. माझ्या मते तुम्ही मोबाइलच मुख्य कॅमेरा मानावा.

माइक बिनतारी का घेऊ नये? बजेटमध्ये बसतो, आणि आजोबा मध्येच उठून जुने ओळखपत्र काढायला कपाटाकडे गेले तरी वायर ताणली जात नाही.

ध्वनिवेडा :
जरूर घ्यावा, पण ज्याच्या ट्रान्समीटरमध्येच (बोलणाऱ्याच्या कपड्याला लावायच्या भागातच) ध्वनिमुद्रण साठते असाच. स्वस्त संच बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि चाळीत घराघरांतले वायफायही त्याच पट्ट्यात असते, त्यामुळे आवाज मध्येच तुटू शकतो. दोन ट्रान्समीटरांचा संच असेल तर दुसरा स्वतःला लावावा. विणाईखात्यात वर्षानुवर्षे मागांच्या खडखडाटात काम केलेल्यांना अनेकदा कमी ऐकू येते, त्यामुळे प्रश्न मोठ्याने आणि दोनदा विचारावे लागतील. ते वेगळ्या ट्रॅकवर असलेले बरे.

चाळकरी :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. एकच शंका आहे : पंखा बंद केला तर या वयाची माणसे उन्हाळ्यात किती वेळ बसू शकतील?

ध्वनिवेडा :
बंद करण्याचा हट्ट धरू नये. छताचा पंखा बंद करून टेबलफॅन खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात, मंद गतीवर, पायांकडे वळवून ठेवावा. वारा माइकवर थेट येता कामा नये आणि माइकची फोमची टोपी काढू नये. पंखा एकाच गतीवर ठेवून सुरुवातीला अर्धा मिनिट कोणीही न बोलता नुसता खोलीचा आवाज मुद्रित करून घ्यावा. संकलनाच्या वेळी सॉफ्टवेअरला तोच नमुना देऊन ही एकसुरी घरघर बरीच कमी करता येते. कुकरच्या शिट्टीवर मात्र असा इलाज चालत नाही, तेव्हा वेळ ठरवतानाच शेजारच्या घरी विचारून ठेवावे.