अणुप्रकल्पावर हल्ल्याची थ्रिलर: थरार आहे म्हणून काहीही खपवायचं का?

विरारलोकल: लायब्ररीतून अणुवीज केंद्रावरच्या अतिरेकी हल्ल्याची एक जाडजूड थ्रिलर आणली. निम्म्यापर्यंत झकास, मग अतिरेकी कंट्रोल रूममध्ये घुसतात, एक लाल बटण, उलटी मोजणी आणि म्हणे आता हिरोशिमासारखा स्फोट होणार. अरे काय! अणुभट्टीचा बॉम्ब होत नाही हो. बॉम्बला साधारण ९० टक्के समृद्ध युरेनियम लागतं, आपल्या तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या युनिटला नैसर्गिक युरेनियम चालतं, त्यात यू-२३५, म्हणजे बॉम्बाच्या कामाचं युरेनियम, जेमतेम ०.७ टक्के. लेखकाने एवढं तरी वाचायचं ना.

मुलुंडची मावशी: आले शास्त्राचा तास घ्यायला! मी रात्र जागून संपवली, सकाळी डबे उशिरा झाले, थ्रिलरकडून अजून काय हवं? आणि १९८६ ला चेर्नोबिलला काय झालं, फटाका फुटला?

विरारलोकल: स्फोटच झाला, पण वाफेचा, मग आग लागली आणि किरणोत्सर्ग पसरला. तेच लिहा ना. फुकुशिमा घ्या, २०११. भूकंप झाल्या झाल्या चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या, पण बंद भट्टीतलंही इंधन तापत राहतं, त्याला सतत गार करावं लागतं, आणि त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनरेटरच गेले, मग तीन भट्ट्यांचं इंधन वितळलं. आता विचार करा, बाहेरून येणारी विजेची लाइन तोडलीय, टाकीतलं डिझेल संपत आलंय आणि शिफ्ट इंजिनियर टॉर्च मारून गेज बघतोय. लाल बटण काय घेऊन बसलात!

बोईसरचा बाब्या: अहो हळू बोला, आम्ही राहतो इथे तारापूरच्या शेजारी 😄 बाकी २०१९ ला तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या ऑफिसच्या पीसीत मालवेअर सापडलंच होतं. प्लांट चालवणारी सिस्टीम वेगळी आहे म्हणून एनपीसीआयएलने (अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी) सांगितलं, पण कादंबरीवाल्याला एवढा धागा बास.

मुलुंडची मावशी: माझा मुद्दा वेगळाय. २६/११ च्या आधी कोणी लिहिलं असतं की दहा पोरं समुद्रातून येऊन अख्खी मुंबई वेठीला धरतील, तर तुम्हीच म्हणाला असता काहीही हं! लेखकाने अतिच विचार करावा, तुम्ही चाळण लावली की सगळं मिळमिळीत होतं.

विरारलोकल: मावशी, ते मच्छीमारांची बोट पळवून आले आणि रबरी होडीने बधवार पार्कच्या कोळीवाड्यापाशी उतरले. इतकं साधं होतं ते. अतिविचार कुठे आहे त्यात? हा लेखक साधं सुचत नाही म्हणून बटण आणतो.

मुलुंडची मावशी: शेवटची पन्नास पानं वाचलीत का पण? नसतील तर लगेच परत करू नका, भाच्याला हवीये.