सल्ला हवा: एकच फ्यूजन प्रोटीन (दोन प्रोटीनं जोडून केलेलं) शुद्धीकरणालाही आणि मायक्रोस्कोपलाही चालेल का?

पिपेटवाली
नमस्कार मंडळी. पुण्यात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. मातीतल्या एका दंडाकृती जिवाणूचं प्रोटीन आहे, ३४ किलोडाल्टन. प्रोटीनचा आकार वर्तवणाऱ्या अल्फाफोल्डचं मॉडेल बघता सी-टोकाला (साखळीच्या शेवटी) मेम्ब्रेनमध्ये रुतणारं छोटं हेलिक्स (मळसूत्री भाग) असावं. शुद्धीकरणासाठी सहा हिस्टिडीनचा टॅग लावून बीएल२१ या ई. कोलाय स्ट्रेनमध्ये काढलं तर सगळं पेलेटमध्ये, म्हणजे न विरघळलेल्या गाळात. १८ अंशांवर रात्रभर ठेवलं, प्रोटीन बनवणं सुरू करणारं आयपीटीजी ०.१ मिलिमोलरवर आणलं, तरी सुपरनॅटंटमध्ये (वरच्या द्रवात) बँडचा पत्ता नाही. गाइड म्हणतात सी-टोकाला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) जोड, विरघळेलही आणि पेशीत कुठे बसतं तेही दिसेल, एका दगडात दोन पक्षी. जीन सिंथेसिसची ऑर्डर याच आठवड्यात द्यायची आहे आणि पैसे एकदाच मिळणार. काय जोडू, कुठल्या टोकाला, लिंकर (दोघांमधला दुवा) केवढा?

ताकभात
एमबीपी (माल्टोज धरणारं, सहज विरघळणारं प्रोटीन) लाव आणि मोकळी हो. आमच्याकडे जे कशानेच विरघळत नाही त्याला आधी तोच लावतात. जीएसटी या दुसऱ्या टॅगच्या वाटेला जाऊ नकोस. तो मुळात जोडीने राहणारा, मग तुझं प्रोटीन एकेकटं असतं की जोडीत, हे कळायचं कसं?

उंटावरचा_शहाणा
गाइडचा मान राखून सांगतो, इथे दोन पक्ष्यांना दोन दगड लागतील. शुद्धीकरणाचा कन्स्ट्रक्ट (जोडून केलेला जीन) वेगळा, मायक्रोस्कोपचा वेगळा.

आधी टोकाचं बघू. हेलिक्स खरंच सी-टोकाला असेल तर प्रोटीन मेम्ब्रेन धरतं ते तिथूनच, आणि त्याच शेपटीला तुम्ही २७ किलोडाल्टनचं पिंप बांधताय. ई. कोलायच्या मिनडी या प्रोटीनचीही शेपटी अशीच असते. ते पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हेलकावे घेतं हे १९९९ मध्ये दिसलं, तेव्हा जीएफपी एन-टोकाला, म्हणजे साखळीच्या सुरुवातीला, जोडलेला होता.

पण एन-टोक म्हणजे निर्धोक असंही समजू नका. पेशीला आकार देणाऱ्या एमआरईबी प्रोटीनची गोष्ट माहीत असेलच. पिवळा वायएफपी एन-टोकाला लावून ई. कोलायमध्ये सुंदर मळसूत्री धागे दिसले, वर्षानुवर्षं आकृत्यांमध्ये तेच छापलं गेलं. २०१२ मध्ये कॅलटेकच्या गटाने क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने (गोठवलेल्या पेशींच्या त्रिमितीय चित्रणाने) पाहिलं, तर मळसूत्र टॅग लावलेल्या पेशींतच, साध्या पेशींत नाही. त्याआधीच काहींनी फ्लुरोसंट प्रोटीन टोकाला न लावता मधल्या एका लूपमध्ये बसवून पाहिलं होतं आणि ते बरंच सरळ वागलं. त्याच २०१२ मध्ये क्लपपी या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमचे पेशीतले ठिपकेही टॅगमुळेच होते असं निघालं. फ्लुरोसंट प्रोटीनंच एकमेकांना चिकटत होती.

म्हणून ऑर्डर देण्याआधी एकच गोष्ट विचारा: हे फ्यूजन मूळ प्रोटीनचं काम करतं का? जीन उडवलेला स्ट्रेन आहे का? त्याचा आकार किंवा वाढ बिघडत असेल तर त्यात फ्यूजन घाला. पेशी पूर्ववत झाल्या तरच चित्रावर विश्वास ठेवा. आणि ते जिवाणूच्या स्वतःच्या प्रमोटरवरून, शक्यतो क्रोमोसोमवर मूळ जागीच. प्लाझ्मिडवरून धो धो काढलं की पेशीच्या टोकांशी लख्ख ठिपके दिसतात. त्या निव्वळ इन्क्लुजन बॉडीज, म्हणजे बिघडलेल्या प्रोटीनचे गोळे, असतात, पण पोस्टरवर फार छान दिसतात.

पिपेटवाली
बाप रे, सविस्तर उत्तराबद्दल आभार. स्ट्रेन आहे, पेशी फुगीर होतात. मग सुपरफोल्डर जीएफपी घेतला तर? तो चांगला घडी होतो म्हणतात.

उंटावरचा_शहाणा
मायक्रोस्कोपसाठी जरूर घ्या, मात्र २०६ व्या जागी व्हॅलिनऐवजी लायसिन असलेला, म्हणजे तो आपापसात चिकटणार नाही. साध्या जीएफपीची चमक शेजारचं प्रोटीन नीट घडी झालं की नाही याचा थोडाफार अंदाज देते. सुपरफोल्डर शेजारी कितीही बिघडलेला असला तरी चमकतो. तेव्हा चमकलं म्हणजे जमलं, हा हिशोब त्याच्या बाबतीत धरू नका.

जेल_वाचक
अगदी. शिवाय एक जेल आधी बघच. नमुना न उकळता एसडीएस जेलवर (प्रोटीनं आकारमानाने वेगळी करणाऱ्या) चढव आणि निळ्या उजेडात जेल धर. जीएफपी एसडीएसमध्येही घडी टिकवतो, त्यामुळे बँड हिरवा चमकतो. न उकळल्यामुळे तो मार्करच्या तुलनेत जरा इकडेतिकडे धावेल, म्हणून शेजारी नुसता जीएफपी चालव. ६१ किलोडाल्टनच्या (३४ अधिक २७) आसपास हिरवा बँड हवा. खाली, नुसत्या जीएफपीच्या रांगेत दिसला तर जोड तुटलीय, आणि सायटोप्लाझ्मभर पसरलेला हिरवा रंग तुझ्या प्रोटीनचा नाहीच.

लिंकरला जीजीजीजीएसची (चार ग्लायसिन, एक सेरिन) दोन-तीन आवर्तनं पुरतात. फक्त प्रत्येक आवर्तनात कोडॉन वेगळे टाक. तोच डीएनए पुन्हा पुन्हा आला की सिंथेसिसवाले ऑर्डर परत पाठवतात. जीएफपीचा स्टॉप काढ आणि तुझ्या जीनचा पहिला एटीजीही, नाहीतर मधूनच भाषांतर सुरू होऊन टॅगशिवाय प्रोटीन बनू शकतं.

ताकभात
शुद्धीकरणाला: सहा हिस्टिडीन, एमबीपी, टीईव्ही या कापणाऱ्या एन्झाइमची जागा, मग तुझं प्रोटीन, या क्रमाने.

उंटावरचा_शहाणा
क्रम बरोबर, पण एमबीपी फसवतोही. तो स्वतः इतका विरघळणारा की आतलं प्रोटीन गोळा झालेलं असलं तरी सुपरनॅटंटमध्ये राहतं. एमबीपीला धरणाऱ्या ॲमायलोज कॉलमवरून १० मिलिमोलर माल्टोजने जाड बँड उतरला म्हणून पेढे वाटू नका. जेल फिल्ट्रेशनवर (मोठे रेणू आधी बाहेर पडतात) चढवा. सगळं व्हॉइडमध्ये, म्हणजे अगदी सुरुवातीलाच बाहेर पडलं, तर तो गोळाच. त्यात टीईव्हीही कापत नाही, कारण त्याची जागा आत दडलेली असते. एन-टोक अगदी मूळचं हवं असेल तर सुमो हा टॅग चांगला. युएलपी१ हे एन्झाइम त्याच्या ग्लायसिन-ग्लायसिननंतर कापतं आणि मागे काही ठेवत नाही. फक्त तुमचं पहिलं अमिनो आम्ल प्रोलिन नसावं.

आणि हो, शेपटीचं हेलिक्स कापून एक छोटी आवृत्ती त्याच ऑर्डरमध्ये टाका. ते पेलेटमध्ये जातंय ते बहुधा त्याच्यामुळेच.

पिपेटवाली
ही छोटी आवृत्ती डोक्यातच आली नव्हती! म्हणजे एमबीपी पूर्ण, एमबीपी छोटी, आणि एन-टोकाला जीएफपी. तीन तुकड्यांचे पैसे गाइडकडून काढायचं बघते. टीईव्हीने कापताना डीटीटी (टीईव्हीला चालू ठेवणारं रसायन) किती घालू?

जेल_वाचक
१ मिलिमोलरच्या वर नको, ४ अंशांवर रात्रभर. हिस्टिडीन टॅगचंच टीईव्ही घे, म्हणजे पुन्हा हिस्टिडीन टॅग धरणाऱ्या निकेल कॉलमवरून सोडलं की एमबीपी आणि टीईव्ही दोन्ही अडकतात आणि तुझं प्रोटीन खाली येतं. त्याआधी डायलिसिस करून डीटीटी आणि इमिडाझोल (निकेलवरून प्रोटीन सोडवणारं रसायन) काढ, नाहीतर कॉलम तपकिरी होईल.