मदत हवी आहे: साथीच्या काळात मुदत ‘थांबली’ की ‘वाढली’?

अर्धाकच्चा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोविडच्या काळात निरनिराळ्या सरकारांनी कायदेशीर मुदतींचं काय केलं, यावर वर्गात वीस मिनिटं बोलायचंय. विषय मीच हौसेने मागून घेतला. तेव्हा वाटलं होतं, यात काय आहे? लॉकडाऊन लागला, कोर्टं ओस पडली, सगळ्यांनी मुदत वाढवून दिली, झालं. आता तक्ता करायला बसलो तर एका देशाचा रकाना दुसऱ्याला लागू पडत नाहीये.

फ्रान्सचंच घ्या. २५ मार्च २०२० चा अध्यादेश आहे. १२ मार्च ते २३ जून २०२० हा ‘संरक्षित’ काळ. त्या काळात ज्याची मुदत संपत होती ते काम काळ उलटल्यावर मूळ मुदतीएवढ्या दिवसांत, पण जास्तीत जास्त दोन महिन्यांत केलं, तर ते वेळेवर केलं असं धरायचं. म्हणजे घड्याळ चालूच होतं, फक्त उशिरा आलेल्याची हजेरी लावली.

स्पेनने १४ मार्चच्या हुकुमाने मुदती स्थगित केल्या आणि ४ जूनला स्थगिती उठवली. पण चालू खटल्यातल्या मुदती पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायच्या, आणि दावा लावण्याची मुदत मात्र जिथे थांबली तिथून पुढे. एकाच देशात दोन गणितं! इटलीत ९ मार्च ते १५ एप्रिल स्थगिती होती, ती पुढे ११ मेपर्यंत नेली. इंग्लंडने तर दावा लावण्याच्या मुदतीला हातच लावला नाही. खटला चालू असताना पक्षकारांना आपसांत ठरवून जी मुदत वाढवता येते, तिची मर्यादा तेवढी २८ दिवसांवरून ५६ वर नेली.

आणि भारतात सरकारने १५ मार्च २०२० पासून मुदत वाढवली.

माझी अडचण अशी: ‘थांबवली’, ‘वाढवली’, ‘स्थगित केली’ हे शब्द मी एकाच अर्थाने वापरत होतो. आमच्या मॅडमनी कच्चा मसुदा बघून समासात एवढंच लिहिलं, “ज्याची मुदत २०२१ मध्ये संपणार होती त्याला काय मिळालं?” त्यावर दोन दिवस अडकलोय. ज्याची मुदत साथ ओसरल्यावर संपणार, त्याला काही मिळायचं कारणच काय?

काळा कोट

मॅडमनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. याच प्रश्नावर न्यूयॉर्कमध्ये अपिलापर्यंत भांडणं झाली.

तिथल्या गव्हर्नरने २० मार्च २०२० ला आदेश काढला. तो वाढवत वाढवत ३ नोव्हेंबरपर्यंत चालला, एकूण २२८ दिवस. समजा तुमचा दावा १ जून २०१८ ला उद्भवला आणि मुदत तीन वर्षांची आहे. म्हणजे ती १ जून २०२१ ला संपते. आता आदेशाचा अर्थ ‘या काळात मुदत संपणार नाही’ एवढाच घेतला, तर तुम्हाला एक दिवसही मिळत नाही, कारण तुमची तारीख त्या खिडकीच्या बाहेर आहे. पण ‘या काळात घड्याळ बंद’ असा अर्थ घेतला तर २२८ दिवस जोडले जातात आणि तारीख जाते १५ जानेवारी २०२२ वर. जून २०२१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने दुसरा अर्थ ग्राह्य धरला, घड्याळ बंद होतं म्हणून.

फ्रान्सचा प्रकार पहिल्या जातीचा. २०२१ वाल्याला तिथे काही मिळत नाही. तो अन्याय आहे असंही नाही. ज्याच्या हातात साथीनंतर पुरेसे महिने उरलेत त्याला वाढ कशाला, असा त्यामागचा हिशेब.

बेंचवरचा

दुरुस्ती. भारतात सरकारने नाही, सर्वोच्च न्यायालयाने. २३ मार्च २०२० ला स्वतःहून याचिका दाखल करून घेतली आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली (पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याचा अधिकार) आदेश दिला. ही चूक सादरीकरणात राहिली तर पहिला प्रश्न तिच्यावरच येईल. सरकारने जे केलं ते वेगळं: करांच्या मुदतींसाठी ३१ मार्च २०२० चा अध्यादेश आणि नंतर त्याचा कायदा. गंमत म्हणजे त्यात करदात्याबरोबर करखात्यालाही नोटिसा काढायला जादा वेळ मिळाला. त्या नोटिसांवरून जी वादावादी झाली ती सर्वोच्च न्यायालयात २०२४ पर्यंत चालली.

आता तुमचा २०२१ वाला. न्यायालयाचा आदेश तीनदा बदलला: मार्च २०२१ मध्ये सवलत आवरती घेतली, दुसरी लाट आली तशी एप्रिलमध्ये परत आणली, सप्टेंबरमध्ये पुन्हा बंद केली. शेवटी १० जानेवारी २०२२ ला सांगितलं की १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मोजायचाच नाही. ज्यांची मुदत या काळात संपत होती त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस, आणि उरलेली मुदत त्याहून जास्त असेल तर ती जास्तीची.

उरलेली म्हणजे कुठल्या तारखेला उरलेली? इथे भले भले घसरले. ‘अरिफ अझीम विरुद्ध ॲप्टेक’ हा १ मार्च २०२४ चा निकाल वाचा. त्यात मुदत २७ मार्च २०२१ ला संपणार होती. १५ मार्च २०२० ला एक वर्ष तेरा दिवस शिल्लक होते. ते १ मार्च २०२२ पासून मोजले आणि मुदत १३ मार्च २०२३ ला संपते असं ठरलं. नुसते ९० दिवस धरून बसला असतात तर मे २०२२ अखेरीसच गाशा गुंडाळावा लागला असता.

अर्धाकच्चा

बाप रे. म्हणजे आपल्याकडे नावाला ‘मुदतवाढ’ आणि प्रत्यक्षात घड्याळ बंद. तक्ता बदलतो. मग सरळ असं म्हणू का, की घड्याळ थांबवणं ही नागरिकाच्या दृष्टीने सगळ्यात उदार पद्धत?

जुनी फाईल

म्हणू नका. मुदत कोणाच्या बाजूची आहे ते आधी बघा.

अटकेतल्या माणसाविरुद्ध पोलिसांनी ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. २०२० मध्ये असा युक्तिवाद झाला की सगळ्याच मुदती वाढल्यात, तर हीसुद्धा वाढली. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी तो मान्यही केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९ जून २०२० ला एस. कासी प्रकरणात तो साफ फेटाळला. तिथे घड्याळ थांबलं असतं तर माणूस विनाकारण आत राहिला असता. ती मुदत आरोपीला राज्यापासून वाचवण्यासाठी आहे, तपास यंत्रणेच्या सोयीसाठी नाही.

जर्मनीचंही बघा, तुमच्या तक्त्यात ते दिसलं नाही. दिवाळखोरीचा अर्ज तीन आठवड्यांत करायचं संचालकांवरचं बंधन १ मार्च ते ३० सप्टेंबर २०२० स्थगित केलं. पण कंपनी साथीमुळे बुडालेली नसेल, किंवा सावरण्याची आशाच नसेल, तर सवलत नाही. कारण ती मुदत धनकोंच्या संरक्षणासाठी आहे. सरसकट माफी दिली असती तर आधीच बुडालेल्याने दुसऱ्याच्या पैशावर आणखी सात महिने काढले असते.

काळा कोट

+१. आणखी एक बारीक गोष्ट. दावा लावण्याची मुदत वेगळी आणि विलंब माफ करण्याची न्यायालयाची कमाल मर्यादा (मुदत उलटल्यावर जास्तीत जास्त किती दिवसांचा उशीर पोटात घालता येतो ती) वेगळी. सप्टेंबर २०२० मध्ये सगुफा अहमद प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आमच्या आदेशाने पहिली वाढली, दुसरी नाही. मार्च २०२१ च्या आदेशात मग ती दुसरीही स्पष्ट शब्दांत घातली. तोवर ज्यांचे विलंब माफीचे अर्ज फेटाळले गेले त्यांचं काय, हे विचारू नका. वीस मिनिटांत मावणार नाही.

अर्धाकच्चा

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता फाडला. देशवार रकान्यांऐवजी आता ‘मुदत कोणाला वाचवते’ असा पहिला रकाना केलाय: दावेदार, आरोपी, धनको, करदाता. देश त्याच्या आत.

एक गणित तपासून द्याल का? मुदत १० एप्रिल २०२० ला संपत होती, भारतातला दावा. १५ मार्चला २६ दिवस शिल्लक. ते १ मार्च २०२२ पासून मोजले तर २६ मार्च २०२२. बरोबर?

बेंचवरचा

चूक. २६ हे ९० पेक्षा कमी, म्हणून ९० दिवस मिळतात. वरचा आदेश पुन्हा वाचा, आणि आज झोपा.