मुख्यालय आधी, वाचनालय नंतर?

स्थानिक संस्थांनी उधळपट्टी थांबवली की वाचनालयं वाचतील, असं म्हणतात. हे खरं, पण अर्धंच. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर कौन्सिलचंच (आपल्या जिल्हा परिषदेसारखी स्थानिक संस्था) बघा. २०१७ मध्ये सुमारे ५.३ कोटी पौंडांचं नवं मुख्यालय थाटलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिजोरीत खडखडाट! कुऱ्हाड कोणावर? ३६ पैकी २१ वाचनालयांवर. ऑगस्टमध्ये हायकोर्टाने तो निर्णय बेकायदा ठरवला. वाचनालय सेवा देणं १९६४ च्या कायद्याने तिथल्या कौन्सिलांवर बंधनकारकच आहे. (मुख्यालय विकून तिथेच भाड्याने राहायची वेळ आली, ते वेगळंच.) पण इमारत हा एकदाचा खर्च, ग्रंथपालांचे पगार दरवर्षी लागतात. त्यामुळे सल्लागारांची बिलं, एजन्सीकडून घेतलेले महागडे हंगामी अधिकारी, असले वर्षानुवर्षं चालणारे खर्च आधी तपासायला हवेत.