कारभारीपण : पैसा, वेळ आणि अंगातला गुण – आपले अनुभव सांगा

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातला दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतोय. नोकरांकडे आपला पैसा सोपवून गेलेला धनी परत येतो आणि हिशेब मागतो. पगार, सुट्टीचा दिवस, गळ्यातला सूर, हातातली कारागिरी हे सगळं त्या धन्याचं आहे असं धरून वागायला लागल्यावर तुमच्या घरात नेमकं काय बदललं? फक्त दशांशाबद्दल, म्हणजे देवाला द्यायच्या मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याबद्दल नको. उरलेल्या नऊ हिश्श्यांचं काय करता, तेही लिहा.

नेवासे तालुका
आमच्याकडे कापणीच्या सणाला मंडळी (चर्चची माणसं) रिकाम्या हाताने येत नाही. बाजरी, तुरीच्या शेंगा, गावठी अंडी, पाय बांधलेली कोंबडी, कुणाचं लोणचं. वेदीपुढे सगळं मांडून प्रार्थना होते आणि मग बाहेर कडुलिंबाखाली लिलाव. पावसाने दगा दिला त्या वर्षी आईने वेलावरचा एकुलता भोपळा आणला होता. ज्याने बोली जिंकली त्याने पैसे भरले आणि भोपळा मंडळीला परत दिला. पुन्हा बोली लागली, तो पुन्हा परत आला. शेवटी घरचा कर्ता माणूस आजारी होता, त्या घरी तो पोचवला. बायबलमधली, जवळ होत्या तेवढ्या दोन टोल्या (अगदी लहान नाणी) दानपेटीत टाकणारी विधवा मला त्या दिवशी समजली. आईचा एक क्रम ठरलेला होता : आधी बियाणं बाजूला, मग अर्पणाचं, मग घरचं. बियाणं आधी काढणं हाही कारभारच, असं ती म्हणायची. पुढच्या पेरणीची सोय न करता दिलेलं दान तिला पटत नसे.

पिंपरी
बँकेतून निवृत्त झाल्यावर पंच कमिटीने मंडळीचे हिशेब माझ्याकडे दिले. आता उपासना संपली की दानार्पण तिथेच टेबलावर दोघं मोजतात, दोघं सही करतात, सोमवारी भरणा होतो. इमारत निधीतून गरिबांच्या निधीत किंवा उलट, उचल करायची नाही. महिन्याचा जमाखर्च फळ्यावर लागतो. काही ज्येष्ठांना सुरुवातीला हा अविश्वास वाटला. मी त्यांच्यासमोर बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा 8वा अध्याय वाचला. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम नेताना प्रेषित पौलाने मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतला होता, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. मला उपदेश जमत नाही, गाताही येत नाही. आकडे जुळवता येतात, तेच मी प्रभूला देतो.

ऐझॉल, मिझोराम (मूळची सोलापूरची)
इथे शेजारच्या काकू भाताला तांदूळ घेताना प्रत्येक वेळी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकतात. 'बुहफाई थम' म्हणतात याला. प्रेस्बिटेरियन मंडळीत ही रीत 1910 पासून आहे. मंडळीतल्या बाया घरोघरी जाऊन तांदूळ जमवतात, ते विकतात आणि पैसा सुवार्तेच्या कामाला जातो. मला यात सगळ्यात भावतं ते हे, की जिच्या हातात कधी रोख पैसा नसतो तिलाही रोज दोनदा देता येतं.

वसई
आमच्या भागातल्या कॅथलिकांनी 1918 मध्ये पतसंस्था काढली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. आजोबा सांगायचे, शेजाऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये एवढी बचत एकत्र ठेवणं हीसुद्धा भक्ती आहे. मला ते शंभर टक्के पटतं.

मिरज
मी परिचारिका. रविवारी पाळी असली की उपासना चुकते. त्या दिवशी ड्युटी संपल्यावर, ज्याच्याकडे कुणी भेटायला येत नाही अशा पेशंटजवळ बसते. कधी नुसती बसते, कधी त्याच्या घरी फोन लावून देते.

छत्रपती संभाजीनगर
अंगावर कर्ज होतं, मुलीची फी थकलेली, आणि दशांश देत नाही म्हणून मन खात होतं. आमचे पाळकसाहेब स्पष्ट म्हणाले, "लोकांचे पैसे बुडवून देवाला देऊ नकोस. आधी देणं फेड. ऐपत असेल तेवढं टाक, नाहीतर नुसता ये. तू इलेक्ट्रिशियन आहेस ना? आपल्या प्रार्थनामंदिराची वायरिंग फार जुनी झालीय." दर शनिवारी दुपारी जाऊन मी एकेक खोली नवी केली. कर्ज फिटलं, दशांश सुरू झाला, वायरिंग अजून माझ्याकडेच आहे. आता स्वतःचं दुकान टाकलंय, तर एक विचारायचं होतं. धंदा करणाऱ्या बंधुभगिनींनो, तुम्ही दशांश गल्ल्यावर काढता की माल, भाडं, पगार वजा करून राहिलेल्या नफ्यावर? आणि तोट्याच्या महिन्यात काय करता?