परीक्षेत पास, मैदानावर नापास: हौशी बेसबॉल पंचांचं काय करावं?

प्लेटमागे:
आमच्या हौशी लीगचे पंच नेमायचं काम माझ्याकडे आहे आणि मी स्वतःही होम प्लेटमागे, म्हणजे बॅटरजवळच्या पाटीमागे बसणाऱ्या कॅचरच्या पाठीशी, उभा राहतो. अकरा जण आहोत, सगळे नोकरी सांभाळून येणारे. नियमांची लेखी परीक्षा घेतली, जवळजवळ सगळे चांगल्या गुणांनी पास झाले. तक्रारी मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.

गेल्या सामन्याचंच सांगतो. शेवटची इनिंग, दोन आउट, फुल काउंट, म्हणजे तीन बॉल आणि दोन स्ट्राइक झालेले. बाहेरच्या कोपऱ्यावर चेंडू आला, मी स्ट्राइक दिली, म्हणजे चेंडू झोनमध्ये (प्लेटवरच्या काल्पनिक चौकटीत) धरला आणि बॅटर बाद. अगदी तसाच चेंडू दुसऱ्या इनिंगमध्ये मी ‘बॉल’, म्हणजे झोनबाहेरचा, ठरवला होता. बॅटर सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. एक शब्द बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. ती नजर अजून डोळ्यांसमोरून जात नाही. नियम मला पाठ आहे, मग चुकतं कुठे?

जुना_मास्क:
दादा, पहिल्या इनिंगला आणि शेवटच्या इनिंगला तुमची हनुवटी कुठे असते, ते बघा. ती साधारण कॅचरच्या डोक्याच्या उंचीवर हवी, आणि तुम्ही कॅचर व बॅटर यांच्यामधल्या फटीत हवे. मांड्या भरून आल्या की माणूस नकळत खाली-वर होतो, झोनही त्याच्याबरोबर सरकतो. प्लेट १७ इंच रुंद. डोकं कॅचरच्या मागे दडलं की बाहेरचा कोपरा दिसतच नाही, आपण अंदाजानं बोलतो. दुसरं म्हणजे चेंडूबरोबर डोकं फिरवू नका. फक्त डोळे फिरू देत, चेंडू मिटमध्ये (कॅचरच्या हातमोज्यात) जाईपर्यंत. मग एक श्वास, आणि मग निर्णय. मागून कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. मी माझं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाचव्या इनिंगपासून चांगला वीतभर खाली बसत होतो.

पहिला_बेस:
बेसवरची घाई त्याहून वाईट. एकदा फोर्सवर (धावणाऱ्याला स्पर्श न करता, त्याच्याआधी चेंडू बेसवर पोहोचला की तो बाद) मी मूठ वर करून ‘आउट’ ओरडलो आणि चेंडू फर्स्ट बेसमनच्या मिटमधून घरंगळत खाली आला. तेव्हापासून चेंडू नीट पकडलेला दिसल्याशिवाय हात उचलत नाही. नजर बेसवर, कान मिटच्या आवाजाकडे. जवळ धावत जाण्यापेक्षा थ्रोला काटकोनात राहणं जास्त कामाचं.

स्कोअरशीट:
दोघा पंचांनी सामन्यानंतर पंधरा मिनिटं गाडीपाशी थांबून बोलावं, असा आमच्याकडे दंडक आहे. कोणता निर्णय मनाला लागला, एवढंच विचारायचं. मैदानावर मात्र जोडीदारानं स्वतः विचारल्याशिवाय त्याचा निर्णय बदलायला जायचं नाही, नियम ८.०२ तेच सांगतो. चूक कबूल करायलाही शिकवावं लागतं. २ जून २०१० ला अमेरिकेतल्या मेजर लीगचा पंच जिम जॉइस यानं पहिल्या बेसवर सत्ताविसाव्या, म्हणजे शेवटच्या, बॅटरला चुकून ‘सेफ’ (नाबाद) दिलं आणि पिचर आर्मांडो गालारागाचा परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर न पोहोचू देता जिंकलेला सामना) गेला. रिप्ले बघून जॉइसनं आपण चुकलो असं उघडपणे सांगितलं आणि माफी मागितली. दुसऱ्या दिवशी प्लेटवर पंच तोच होता, आणि संघाचं लाइनअप कार्ड (खेळाडूंची यादी) द्यायला गालारागा स्वतः आला. नवीन पंचांना मी हे आधी सांगते, इन्फील्ड फ्लायसारखे किचकट नियम नंतर.

प्लेटमागे:
जुना_मास्क, तुमचं बरोबर निघालं. काल भाच्याकडून चित्रण करून घेतलं. चौथ्या इनिंगपर्यंत डोकं जागेवर, पुढे कॅचरच्या हेल्मेटमागे अर्धा चेहरा गायब. पुढच्या परीक्षेत लेखी पेपर ठेवणार नाही. प्रत्येकानं मास्क घालून शंभर पिच बघायच्या, मागे कॅमेरा. पहिला नंबर माझा. ताई, ती पंधरा मिनिटंही या रविवारपासून सुरू करतो.